दोनशे सातवं हाड

माणसाच्या अंगात हाडं किती, असं कुणी विचारलं तर आमचे हाडबाबू सांगत, दोनशे सात.

डॉक्टर लोक दोनशे सहा म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ती दोनशे सहा त्यांना पायाच्या करंगळीपासून कवटीपर्यंत तोंडपाठ होती. गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांशी त्यांचा यावरून कायमचा वाद. डॉक्टर जाडजूड पुस्तक उघडून समोर धरत. हाडबाबू ते आदरानं मिटून परत देत.

"पुस्तक बरोबरच आहे, डॉक्टरसाहेब. एक मोजाचं राह्यलं फक्त."

"कोणतं?"

"सापडलं की सांगतो."

त्यांचं खरं नाव गोविंदपंत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठे हुकूम नागपूरहून येत, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कचेरीत गोविंदपंत तर्जुम्याचं काम बघत. तर्जुमा म्हणजे भाषांतर. इंग्रजीत आलेला कागद मराठीत करून फायलीला लावायचा, एवढंच काम. मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून, श्रीपाद.

आज माझं वय ब्याऐंशी आहे. गोविंदपंतांविषयी लिहायला बसलो ते नुसत्या गमतीसाठी नाही. कचेरीच्या एका कागदावर त्यांच्या नावापुढे एक गोष्ट लिहिली गेली आणि ती खोटी आहे. खोटी आहे असं सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो. पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर त्या कागदाचं दुःखही कळणार नाही.

मी कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "तुहं कोणतं मोडलं व्हतं?"

मी म्हटलं, "काय?"

"हाड बे. एखादं तरी मोडलंच असंन."

लहानपणी चिंचेवरून पडून माझा डावा घोटा मोडला होता. तसं सांगताच हा पन्नाशीचा गृहस्थ खुर्चीवरून उठला, माझ्यापुढे उकिडवा बसला आणि भरल्या कचेरीत माझा पायजमा वर करून घोटा चाचपू लागला. बाकीच्या कारकुनांनी मान वर करूनही पाहिलं नाही. त्या सगळ्यांचं हे आधीच झालेलं होतं.

"थोडा तिरपा जुळला," ते म्हणाले. "चालते. पण थंडीत दुखीन."

थंडीत तो दुखतो. आजही दुखतो आहे.

त्यांना हा नाद कुठून लागला असं कुणी विचारलं तर ते कायद्याकडे बोट दाखवत. मारामारीच्या खटल्यात डॉक्टरचा दाखला येतो. मार लागला पण हाड शाबूत असेल तर ती साधी दुखापत. हाड मोडलं असेल तर ती जबर दुखापत, आणि मारणारा सरळ जेलात. म्हणजे एका हाडावर माणसाचं घरदार टांगलेलं. दाखला इंग्रजीत, त्यात हाडाचं नाव लॅटिन. गोविंदपंतांच्या आधीचे तर्जुमेवाले त्या लॅटिनच्या वाटेला न जाता सगळीकडे एकच लिहीत: हाड मोडले. हातातलं असो, पायातलं असो, हाड मोडले.

गोविंदपंतांना हे सहन होत नसे. टेबलावर चापट मारून ते म्हणत, "ज्या हाडापायी माणूस जेलात जाते, त्या हाडाचं नाव तरी त्याले माहीत पायजे."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. वकील मंडळी तर ते त्यांच्या आधी म्हणून टाकत.

तर त्यांनी एक वही केली होती. लांबोळकी, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात दोनशे सहा हाडांची मराठी नावं लिहायची, असा त्यांचा संकल्प. संस्कृत नावं चालणार नव्हती. "अस्थी म्हटलं की लोकायले दहाव्याचा घाट आठवते," ते म्हणत. नाव असं पाहिजे की कुणाही शेतकऱ्याला ऐकल्याबरोबर आपल्याच अंगाला हात लावून बघता यावं. त्यासाठी ते सोनाराकडे जात, सुताराकडे जात, तालमीतल्या वस्तादांकडे जात. गळ्याखालचं आडवं हाड त्यांना सोनारानं दिलं. बाया गळ्यात घालतात ती हासळी जिथं टेकते ते हाड म्हणजे हासळीच. पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचं नाव मिळवायला हा कर्मठ घरातला ब्राह्मण उघडी छत्री घेऊन खाटिकाच्या दुकानासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे, उभा राहिला आणि तिथूनच ओरडून विचारलं, "दादा, त्या बकऱ्याच्या खांद्याच्या पाटीले काय म्हणता?"

"फरा म्हणतो," खाटीक ओरडला. "अर्धा देऊ का?"

ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या.

"अवं, पण म्या हात नाही लावला. नुसतं नाव घेतलं."

"नावच घेतलं ना? मंग पायावर पाणी घ्या अन् मंग आत या," काकू म्हणाल्या. पुढं तो तांब्या दाराशी कायमचाच राहिला.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यातलं एक जागेवर बसून राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं, म्हणून आपल्याला पंजा पालथा-उताणा करता येतो. या दोघींना गोविंदपंतांनी नाव दिलं थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. "थोरली जागची हालत नाही. धाकटी तिच्या भवताल फिरून फिरून काम करते. अन् पडलं-झडलं की मोडते कोणती? धाकटीच." हे सांगताना ते स्वतःचा हात पालथा-उताणा करून दाखवत. काकू घरातून म्हणत, "हे खरं आहे." काकू धाकट्या होत्या.

मोडण्याचेही प्रकार त्यांनी लावले होते. लहान पोराचं हाड वाकून अर्धवट मोडतं, ती ओली पऱ्हाटी. म्हाताऱ्याच्या हाडाचे कडकन दोन तुकडे होतात, ती वाळली पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड; कापसाच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दाखल्यात ओली पऱ्हाटी आहे की वाळली, हे वाचून दाखवल्यावर अडाणी साक्षीदारही "हाव, तसंच झालं व्हतं" म्हणून मान हलवत.

फजिती झाली ती मणक्यांच्या वेळी. मणके एकाखाली एक असे पुष्कळ, त्यांना नावं आणायची कुठून? तेव्हा त्यांनी पाठीच्या कण्याला बुलढाणा ते मलकापूर हा रस्ता केला. डोकं म्हणजे बुलढाणा, कारण मोठे साहेब तिथं बसतात. मानेचा बाक म्हणजे राजूरचा घाट. पाठीच्या मध्यावर मोताळा. आणि रस्ता जिथं संपतो तिथं मलकापूर. कण्याच्या अगदी शेवटी काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मलकापूरचे एक वकील आमच्या कचेरीत कामाला येत, ते महिनाभर गोविंदपंतांशी बोलले नाहीत.

"आमच्या गावाले माकडहाड म्हणता काय हो?"

"स्टेशन म्हणतो साहेब. सगळा भार तिथंच उतरते," गोविंदपंत म्हणाले. त्यावर वकीलसाहेब पुन्हा महिनाभर बोलले नाहीत.

स्वतः गोविंदपंतांची पाठ धरली की ते कामावर वाकडे येत आणि खुर्चीत बसता बसता सांगत, "आज मोताळ्याच्या दोन मैल खाली चमक भरली."

त्यांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण तिचं पुढं काम पडणार आहे. तर्जुमा झाला की तो मूळ कागदाशी ताडून पाहायचा आणि खाली "तपासले" असं लिहून सही करायची, असा नियम. गोविंदपंतांच्या हाताला या शब्दाची इतकी सवय झाली होती की कोणताही कागद पुढं आला की ते तो वाचत, दुरुस्त करत आणि खाली "तपासले" लिहीत. वाणसामानाची यादी तपासलेली. भाच्याचं खुशालीचं पत्र तपासलेलं. माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांना दिली, ती दुसऱ्या दिवशी दोन काना-मात्रा सुधारून, "तपासले" करून त्यांनी मला परत केली. लग्नाला मात्र आले, आणि माझ्या सासऱ्यांना पहिला प्रश्न विचारला, "तुमचं कोणतं मोडलं व्हतं?"

लोक हसत, पण एक गोष्ट हसताना कुणाच्या लक्षात येत नसे. माझ्याही आली नाही. त्या वहीतली नावं गोविंदपंतांखेरीज कुणीच वापरत नव्हतं. डॉक्टर लॅटिन बोलत. वकील "हाड मोडले" म्हणत. ते एकटेच बारा-तेरा वर्षं ही नावं लिहीत होते आणि एकटेच ती तपासत होते.

मनगटात आठ बारकी हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या मुळाशी असलेलं एक हाड फार नाठाळ. इंग्रजी पुस्तकात त्याला होडीच्या आकाराचं म्हटलंय. "आपल्याकडं कुठं आल्या होड्या? पैनगंगेले उन्हाळ्यात घोटाभर पाणी नसते," म्हणून गोविंदपंतांनी त्याला पणती केलं. पणतीचं वैशिष्ट्य असं की ती मोडली तरी लगेच कळत नाही. नुसती सूज दिसते. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावं तेव्हा खरं काय ते ठरतं. हे त्यांनी मला स्वतःच्या आणि माझ्या मनगटावर दाबून दाबून समजावलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

गोविंदपंतांनी जन्मात सांगाडा पाहिला नव्हता. सगळं पुस्तकातल्या चित्रांवरून आणि लोकांच्या अंगावरून. अकोल्याच्या एका शाळेत कपाटात खराखुरा सांगाडा आहे असं त्यांना कळलं, आणि मग त्यांचं कशातच लक्ष लागेना. तीन महिने पत्रं लिहून त्यांनी शाळेची परवानगी काढली. शनिवारी दुपारच्या मोटारीनं जायचं, सोमवारी परत. काकूंनी बरोबर धोतराचं दुसरं पान दिलं, सांगाडा पाहून झाल्यावर आंघोळ करून नेसायला.

निघण्यापूर्वी त्यांनी मला जवळ बोलावलं. तीन कोरे कागद काढले, प्रत्येकाच्या तळाशी "तपासले" लिहिलं, सही केली आणि माझ्या हातात दिले.

"सोमवारी सकाळी बेंच बसते. मधी काही आलं तर तू कर. नीट ताडून पाहाजो."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला कोऱ्या कागदावर सही दिली नव्हती. माझी नोकरी जेमतेम सात महिन्यांची.

ते गेले आणि तासाभरात एक दाखला आला. मोताळ्याच्या बाजारात बैल बांधायच्या खुंट्यावरून दोन शेतकऱ्यांची बाचाबाची झाली होती. सखाराम नावाच्या एकानं दुसऱ्याच्या हातावर काठी मारली. डॉक्टरांनी लिहिलं होतं की उजव्या मनगटावर सूज आहे, अमुक हाड मोडल्याचा संशय आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा आणावे. ते अमुक हाड म्हणजे पणती.

मला झालेला आनंद मी आज कसा सांगू? लॅटिन नाव वाचलं आणि मला ते ओळखू आलं. वही उघडावीसुद्धा लागली नाही. मी टाक बुडवला आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: उजव्या मनगटातील, अंगठ्याच्या मुळाशी असलेले, पणती या नावाचे हाड मोडले आहे.

संशय लिहायचा राहिला. मुद्दाम गाळला नाही. हाडाचं नाव बरोबर आलं या खुशीत ते मोडलंय की नाही हे बघायचं राहून गेलं. दोनदा वाचला कागद, दोन्ही वेळा मला पणतीच दिसली. ताडून पाहिला नाही. खाली "तपासले" होतंच.

बेंचवर दोन मानद मॅजिस्ट्रेट बसत. दोघंही मोठे जमीनदार, कारभार मराठीत. इंग्रजी दाखला ते उघडत नसत, तर्जुम्यावर चालत. सखारामकडे वकील नव्हता. डॉक्टर दाखला लिहून लगेच बदलीच्या गावी निघून गेले होते, ते साक्षीला आले नाहीत. सोमवारी सकाळी थोरल्या मॅजिस्ट्रेटांनी तर्जुमा मोठ्यानं वाचला आणि मान डोलावली.

"नावानिशी हाड मोडलं आहे," ते म्हणाले. "यात आता बघायचं काय?"

सखारामला तीन महिन्यांची सजा झाली. शिपाई त्याला घेऊन गेला तेव्हा तो वळून विचारत होता, "पण काय मोडलं म्हणता?"

दुपारच्या मोटारीनं गोविंदपंत आले ते नाचतच. धोतर बदललेलं, हातात पेढ्यांचा पुडा. सांगाड्याला त्यांनी आधी नमस्कार केला, मग दोन वेळा मोजला. पाच हाडं कमी भरली. विज्ञानाचे मास्तर म्हणाले, चालायचंच. गोविंदपंत म्हणाले, चालायचं कसं, आणि त्यांनी कपाटाचा तळ उपसला. खडूच्या तुकड्यांत एक हाड सापडलं.

"पणती बे, श्रीपाद. पणतीच. तळहातावर ठेवली तर वाऱ्यानं उडीन एवढी."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पंत, आपल्याकडेही पणतीच आली होती. मी नाव घातलं." आणि फाइल त्यांच्यापुढं केली.

त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी लहान पोरासारखा शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. मग त्यांनी सवयीनं मूळ दाखला काढला, शेजारी ठेवला आणि बोट ओळीवरून सरकवू लागले. बोट थांबलं.

ते पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तहसीलदारांच्या खोलीत गेले.

पुढची गोष्ट थोडक्यात. बेंचला आपला निकाल फिरवता येत नाही, वर जावं लागतं. वरून पाच आठवड्यांनी हुकूम आला. मधल्या काळात हात पुन्हा तपासला होता. नुसता मुरगळला होता, हाड शाबूत. सखाराम सुटला. मग वरच्यांनी विचारलं, हे झालं कसं?

तहसीलदारांनी आम्हा दोघांना पुढं उभं केलं. कागद उचलला. "हे अक्षर कुणाचं?"

"श्रीपादचं," गोविंदपंत म्हणाले. साहेबांपुढं ते एकदम शुद्ध बोलू लागले. त्यांच्या तोंडून तशी भाषा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "अक्षर त्याचं, मजकूर माझा. शनिवारी निघता निघता मी तोंडानं सांगितला, त्यानं लिहून घेतला. चूक माझी आहे."

शनिवारी दाखला आला तेव्हा मोटार सुटून तास झाला होता. हे मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं आहे?"

मी हो म्हणालो.

एवढंच. माझं नवं लग्न होतं, नोकरी कच्ची होती, वडील अंथरुणावर होते, ही सगळी कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितली. पण त्या घटकेला यातलं एकही मनात आलं नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं म्हणून म्हणालो.

गोविंदपंतांच्या नावापुढे "तर्जुम्यात निष्काळजीपणा" असं लिहून त्यांना नोकरीतून कमी केलं. ज्या माणसानं लग्नपत्रिकासुद्धा तपासली, त्याच्या नावापुढे. काकू सामान बांधताना मला म्हणाल्या, "तुम्ही व्हता म्हून बरं, ह्यांचं तुमच्यावर लय मन आहे." दाराशी तो तांब्या होता, तोही त्यांनी बांधला. ते साखरखेर्ड्याला गेले, त्यांच्या मूळ गावी. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो आणि पेन्शनीपर्यंत बसलो.

नऊ वर्षांनी मी साखरखेर्ड्याला गेलो. काही काम काढून नाही, सांगायला म्हणूनच गेलो. बाजाराचा दिवस होता. लिंबाखाली सतरंजीवर उतरतं डेस्क घेऊन गोविंदपंत लोकांचे अर्ज लिहीत बसले होते. समोरच्या म्हातारीला विचारत होते, "बाई, खुबा दुखते की मांडी? अर्जात नीट लिहू दे."

मला पाहून चष्मा कपाळावर गेला. "श्रीपाद्या. घोटा काय म्हणते?"

"दुखतो थंडीत."

"म्या सांगतलं व्हतं."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्याचं तिथंच कळलं. घरी नेऊन त्यांनी स्वतः चहा केला. दाराशी तांब्या होता, पाणी भरलेला. मी पाहतोय हे पाहून म्हणाले, "सवय."

चहा निवत होता तेव्हा मी सुरू केलं. "पंत, त्या दिवशी साहेबांपुढं मी हो म्हणालो."

"म्हणलास. मी तिथंच व्हतो."

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

ते उठले आणि कोनाड्यातून वही काढून आणली. पानं उलटत अगदी शेवटी आले. दोनशे सहा नावं भरली होती. खाली दोनशे सातवा आकडा होता आणि त्यापुढे जागा कोरी.

"माह्या बापाले सहा महिन्यांची झाली व्हती," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा. शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडण झालं, बापानं छत्री मारली. कागदावर लिहून आलं, हाड मोडले. बाप सुटून आला तो पार खचून आला. रस्त्यानं कोणी लंगडत चाललं की मान खाली घाले. हात गळ्यात बांधलेला दिसला की खाली. त्याले शेवटपर्यंत माहीत नाही झालं, आपण त्या माणसाचं काय मोडलं. कोणाले विचारन? मी कचेरीत लागलो तो ती फाइल पाहाले लागलो. मुदत संपली म्हून जाळली व्हती."

त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे ते."

बाहेर बाजार उठत होता. बैलगाड्या जुंपल्याचे आवाज येत होते.

"सखारामचं पाह्यलं अन् मी दुसऱ्या दिवशीच जेलात गेलो. भेटाची परवानगी काढली. त्याले सांगतलं, बाबू, कागदात चूक झाली, ते हाड मोडलंच आहे असं कोणी म्हणलं नाही. मंग हात तपासल्यावर पुन्हा गेलो. म्हटलं, शाबूत आहे. तो म्हणे, मंग मी काय मोडलं? म्हटलं, काहीच नाही मोडलं तू. तो रडला. मी बी रडलो. शिपाई म्हणे, तुम्ही कोण लागता याचे?"

"पण चूक माझी होती, पंत."

"अर्धी." ते हळू बोलले, जणू अपराध त्यांचाच होता. "तू कागद पुढं केला ना, त्यात पणती लिहिलं व्हतं. दुसऱ्याच्या अक्षरात. तेरा वर्षांत माह्या वहीतलं नाव दुसऱ्याच्या अक्षरात मी पहिल्यांदा पाह्यलं बे. मी खुश झालो. अर्धा मिनिट मले दुसरं काही दिसलंच नाही. अन् तेवढ्यात तो माणूस बेड्या घालून रस्त्यानं चालला व्हता. मंग साहेबापुढं कोणत्या तोंडानं तुहं नाव सांगू?"

निघताना त्यांनी मला वही दिली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मी तर पाठ म्हणतो. तू वाचजो." आणि मोटारीपर्यंत पोचवायला आले. वाटेत ओळखीच्या दोघांना त्यांनी माझी ओळख करून दिली: हा आमच्या कचेरीतला, याले पणती माहीत आहे.

त्यानंतर ते चार वर्षं होते. मी पुन्हा गेलो नाही. पत्रं लिहिली, त्यात हवापाण्याचं लिहिलं. कचेरीत त्यांच्या नावापुढचा शेरा खोडण्याचा अर्ज मी खुर्चीवर असताना कधीही करू शकलो असतो. रोज उद्या करीन म्हणत पेन्शनीला आलो. नंतर गेलो तेव्हा नव्या कारकुनानं सांगितलं की त्या सालच्या फायली मुदत संपली म्हणून जाळल्या.

म्हणून हा एक कागद करून ठेवतो. मोताळ्याच्या बाजारातल्या त्या खटल्यात सखारामविरुद्ध लावलेल्या तर्जुम्याचं अक्षर माझं होतं, आणि मजकूरही माझाच होता. गोविंदपंतांनी तो सांगितला नव्हता; ते तेव्हा अकोल्याच्या वाटेवर होते. साहेबांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, ते खोटं होतं. सखारामनं कुणाचंही कोणतंही हाड मोडलं नव्हतं.

हे मी तीनदा वाचून पाहिलं. कुठं काही राहिलंय असं वाटत नाही. खाली "तपासले" लिहिण्यापुरती जागा मी सोडली आहे, आणि ती कुणी भरणार नाही हे मला ठाऊक आहे.